हापूस, रील आणि पार्किंगमधली ओळख: आंब्याच्या थेट विक्रीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात या कुटुंबाची हापूसची अडीचशेच्या आसपास कलमं आहेत. थोरला भाऊ गावी राहून बाग बघतो. धाकटा पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे आणि त्याची बायको घर सांभाळून शिकवण्या घेते. ओळख पटू नये म्हणून काही खुणा बदलल्या आहेत आणि आकडे ठोकळ ठेवले आहेत. थोरल्याला इथे दादा आणि धाकट्याच्या बायकोला वहिनी म्हणतो. त्यांची गिऱ्हाइकंही त्यांना तसंच म्हणतात.

वडिलांच्या वेळेपासून माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. दलालाकडून आगाऊ उचल घ्यायची, त्यातून फवारण्या, राखणदार, पेट्या, पेंढा भागवायचा आणि हंगाम लागला की माल त्याच्याच गाळ्यावर पाठवायचा. मग हिशेबाची पट्टी यायची: अडत, हमाली, भाडं वजा जाऊन उरलेली रक्कम. बाहेरचे लोक दलालाला सरसकट शिव्या घालतात, ते मला पटत नाही. मोहोरावर थ्रिप्सची कीड उतरली आणि औषधाला रात्रीतून पैसे लागले, तर फोनवर हो म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो. दादांची तक्रार वेगळी होती. आपला आंबा कुणी खाल्ला, त्याला तो आवडला का, हे पट्टीवरून कधीच कळत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत बाजाराची घडी विस्कटली आणि कोकणातल्या अनेक बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या. या कुटुंबानेही तेव्हा धाकट्याच्या सोसायटीत थोडा माल खपवला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा झोडपला आणि तो विषय मागे पडला. २०२४ च्या हंगामाआधी घरात पुन्हा बोलणं निघालं. निम्मा माल तरी स्वतः विकायचा, असं ठरलं. कसा, हे मात्र कुणालाच नीट माहीत नव्हतं.

अडचण

गुढीपाडव्यापासून पुण्यात चौकाचौकात हातगाडीवर ‘अस्सल रत्नागिरी’, ‘देवगड हापूस’ अशा पाट्या लागतात. त्यांतल्या कित्येक गाड्यांवर कर्नाटकचा आंबा असतो. दिसायला जवळपास तसाच आणि दराला बराच कमी. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. पण रस्त्यावर उभ्या गिऱ्हाइकाला त्याचा पडताळा कसा घ्यायचा हे ठाऊक नसतं. त्यामुळे खरा बागायतदार आणि पाटी रंगवणारा, दोघंही एकाच वाक्यात आपला माल सांगतात. वहिनींनी इन्स्टाग्रामवर पहिली पोस्ट टाकली तीही हीच: पेटीचा फोटो, खाली ‘अस्सल रत्नागिरी हापूस, थेट शेतकऱ्याकडून’. नातेवाइकांचे लाइक सोडले तर त्यातून काही निघालं नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पुणेकराला आंबा हवा असतो अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. बागेत माल भरभरून उतरतो तो त्यानंतर, मेमध्ये. नेमक्या त्या वेळी शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, निम्मी सोसायटी गावाला गेलेली असते आणि बाजारभावही खाली आलेला असतो. शिवाय आंबा थांबत नाही. झाडावरून काढल्यावर अढीत, म्हणजे पेंढ्यात पिकायला, घातलेलं फळ आठ-दहा दिवसांत तयार होतं, मग चार दिवसांत संपवावं लागतं. गिऱ्हाईक तयार नसताना माल तयार झाला तर उरलेला कॅनिंगच्या, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांच्या, दराने द्यायचा, दुसरी वाट नाही.

समोरचे पर्याय

धाकट्याचा कल जाहिरातीकडे होता. इन्स्टाग्रामवर पैसे भरायचे, घरापासून दहा किलोमीटरच्या टापूतल्या लोकांना जाहिरात दाखवायची, बटण दाबलं की थेट व्हॉट्सॲपवर संभाषण सुरू. खर्च दिवसाला ठरवता येतो, कुणाच्या दारात जावं लागत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला हे सोयीचं वाटणारच.

खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणाऱ्या एका प्रसिद्ध चेहऱ्याकडेही विचारणा झाली. मानधन आणि वर काही पेट्या अशी मागणी आली. तिथे वहिनींनी चांगला प्रश्न विचारला: त्याचे फॉलोअर राहतात कुठे? उत्तर मिळालं, सगळीकडे. आंबा पोचवायची त्यांची सोय होती पुण्याच्या एका बाजूच्या चार-पाच उपनगरांपुरती. तो विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय ओळखीच्या एका सीएंनी सुचवला. ते दर आठवड्याला सकाळी लवकर भरणाऱ्या व्यावसायिकांच्या गटाचे सभासद होते. अमेरिकेत १९८५ मध्ये आयव्हन मायझनर यांनी सुरू केलेल्या बीएनआयमुळे ही पद्धत आपल्याकडे बऱ्याच शहरांत माहीत झाली आहे. एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद, दर आठवड्याला हजेरी, एकमेकांना काम मिळवून द्यायचं आणि वर्षाची वर्गणी. धाकटा पाहुणा म्हणून एका बैठकीला जाऊन आला. माणसं चांगली होती, बोलणं नेमकं होतं. पण वर्षभर दर आठवड्याला हजेरी लावायची आणि विकायला माल असणार दोन महिने, हे गणित जुळेना. शिवाय असे गट देवाणघेवाणीवर चालतात. बाकीचे दहा महिने हे कुटुंब इतरांना काय देणार? वर्षभर चालणाऱ्या धंद्याला, उदाहरणार्थ इंटिरिअरवाल्याला किंवा विमा सल्लागाराला, मी असा गट बिनदिक्कत सुचवतो. इथे सभासद न होण्याचा निर्णय बरोबर होता. मात्र सीएंशी जुळलेली ओळख धाकट्याने सोडली नाही आणि ती पुढे कामाला आली.

पणन मंडळाचा पुण्यात भरणारा आंबा महोत्सवही डोळ्यांसमोर होता. तिथे उत्पादक स्वतः विकतो आणि ग्राहक मुद्दाम शोधत येतो, हा मोठा फायदा. पण दिवसभर स्टॉलवर उभं राहायला माणूस हवा. दादा बागेतून हलू शकत नव्हते आणि धाकट्याची रजा मोजकी होती. तो पर्याय पुढच्या खेपेला ठेवला.

उरल्या सोसायट्या. वहिनींचा कल सुरुवातीपासून इकडे होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शिकवण्यांना येणाऱ्या मुलांच्या आया, भिशीतल्या बायका, सासऱ्यांच्या हास्य क्लबातली मंडळी, माहेरच्या मैत्रिणी, या सगळ्या मिळून बारा-पंधरा सोसायट्यांत आपलं कुणी ना कुणी राहतं. तिथे आपण अनोळखी नाही.

शेवटी दोन्ही गोष्टी करायच्या ठरल्या: जाहिरातीला छोटी रक्कम आणि सोसायट्यांना वहिनींचा वेळ.

काय केलं

आधी जाहिरातीचं सांगतो, कारण ते लवकर संपतं. व्हॉट्सॲपवर संभाषणं भरपूर आली. बहुतेकांत एकच शब्द होता, ‘रेट?’ दर कळवला की पलीकडे शांतता. हे लोक चुकीचे नव्हते. त्यांच्या डोक्यात हातगाडीवरचा दर होता आणि समोरचा पाठवणारा कोण, हे कळायला काहीच साधन नव्हतं. दोन आठवड्यांत वहिनींच्या लक्षात आलं की दिवसाचे दोन तास ‘रेट?’ला उत्तरं देण्यात जातात. जाहिरात बंद केली.

सोसायट्यांमध्ये आधी एकच दार उघडायचं, असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक ठिकाणी एक ओळखीचं घर. त्या घरी अर्धा डझन आंबा विकत द्यायचा, फुकट नाही. खाऊन आवडला तरच सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत दोन ओळी टाका, एवढीच विनंती. इथे कमिशनचा प्रश्न निघाला. डझनामागे काही रक्कम द्यावी, म्हणजे ती बाई मनापासून सांगेल, असं धाकट्याचं मत होतं. वहिनींनी ठाम नकार दिला. शेजारीण आपल्याला आंबा सुचवते आणि त्यात तिचे पैसे आहेत, हे चार दिवसांत सगळ्या मजल्यांवर कळतं. मग तिचा शब्द पडतो, आणि आपलाही. त्याऐवजी हंगामाच्या शेवटी प्रत्येक घरी एक डझन पायरी आमरसासाठी पाठवायचा, तोही आधी न सांगता. हा निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यांत शहाणा वाटतो.

माल घरपोच द्यायचा नाही, हेही ठरलं. शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेम्पो येईल, सात ते आठ. ज्याने नाव नोंदवलं त्याने खाली यायचं. वहिनी तिथे स्वतः उभ्या राहायच्या. पुठ्ठ्याची एक पेटी उघडी ठेवलेली, वर थोडा पेंढा, शेजारी स्टीलचं ताट आणि सुरी. येईल त्याला एक फोड. मग त्या फळ हातात घेऊन दाखवायच्या: देठाजवळ खांदे भरलेले दिसतात, तो झाडावर पुरता तयार झालेला. साल जरा सैल पडली आणि वास सुटला की आजच खा, हिरवट छटा आहे तो चार दिवस थांबा, फ्रिजमध्ये घालू नका. प्रत्येक पेटीत तीन टप्प्यांतली फळं भरलेली असायची, म्हणजे सगळी पेटी एकाच दिवशी पिकून बसणार नाही. ही भरणी दादा गावी करायचे आणि तिला वेळ लागायचा. पण पुण्यातल्या लहान कुटुंबाला याचं फार कौतुक वाटलं, आणि पुन्हा मागवण्याचं ते एक मोठं कारण ठरलं.

या पार्किंगमधल्या तासात आणखी एक गोष्ट व्हायची. पैसे घेताना वहिनी म्हणायच्या, “माझा नंबर ‘आंबा’ म्हणून सेव्ह करा हं काकू, नाहीतर पुढच्या खेपेचा मेसेज येणार नाही.” हे अगदी खरं होतं. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. जाहिरातीतून आलेल्यांनी नंबर साठवलेलाच नव्हता, म्हणून त्यांना पाठवलेले मेसेज कुठेच पोचत नव्हते. समोरासमोर उभं राहून सेव्ह करून घेतलेला नंबर पुढच्या वर्षीही कामाला येतो. समाजमाध्यम आणि प्रत्यक्ष भेट यांचा सांधा या घरात नेमका इथे जुळला.

ब्रॉडकास्टवर आठवड्याला एकच मेसेज जायचा. या खेपेला किती डझन, कोणत्या वजनाची फळं, काय दर, कोणत्या सोसायटीत कधी. सुप्रभात नाही, सणाच्या शुभेच्छा नाहीत. नोंदणी पैशांसकट आणि ठरलेला आकडा भरला की बंद.

पहिला पेच: रील

एप्रिलच्या मध्यावर वहिनींच्या पुतण्याने गावी दादांचा एक छोटा व्हिडिओ काढला. दादा झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवतात, दोन फळं हातात घेतात, एक बाजूला टाकतात आणि सांगतात, “ह्यो बघा, दिसायला झ्याक हाय. पण ह्यो मी पेटीत भरणार नाय.” मग का नाही, ते दाखवतात: देठाजवळ चीक ओघळून पडलेला डाग, जो पिकताना काळा होत जातो. संगीत नाही, मजकूर नाही. तो रील त्यांच्या खात्यावरच्या आधीच्या कुठल्याही पोस्टपेक्षा कितीतरी पट जास्त लोकांनी पाहिला.

आणि मागण्या सुरू झाल्या: नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू, थेट दुबई. पुण्यातूनही बऱ्याच. घरात पहिल्यांदाच माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त अशी वेळ आली. धाकटा हरखून गेला होता. त्याच्या मते कुरिअरने पाठवावं आणि कमी पडेल तेवढा माल आजूबाजूच्या बागांतून उचलावा. चांगल्या आंब्याला गावात तोटा नव्हता.

इथे तीन रस्ते होते. मिळेल तो माल गोळा करून सगळ्या मागण्या पुऱ्या करायच्या. आपल्याकडचं संपलं म्हणून नाही म्हणायचं. किंवा शेजारच्या बागेचा माल घ्यायचा, पण तो शेजारच्या बागेचा म्हणूनच विकायचा.

दादांनी कुरिअरला साफ नकार दिला. उन्हाळ्यात तीन दिवस बंद खोक्यात राहिलेलं फळ कसं पोचेल याची खात्री त्यांना देता येत नव्हती आणि खात्री नसलेला माल त्यांना पाठवायचा नव्हता. बाहेरगावच्या सगळ्यांना वहिनींनी एकच उत्तर दिलं: आम्ही फक्त पुण्यात देतो, नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे पोचवू. थोड्यांनी खरंच पुण्यातल्या भावाचा, बहिणीचा पत्ता दिला.

पुण्यातल्या जास्तीच्या मागणीसाठी तिसरा रस्ता घेतला. वाडीतल्या दोन शेजाऱ्यांचा माल, काढणी आणि अढी दादांच्या नजरेखाली, आणि पेटीवर त्या शेजाऱ्याच्या बागेचं नाव. धाकट्याला वाटत होतं की याने गिऱ्हाईक गोंधळेल. काही जण गोंधळलेच: “आम्हाला तुमचाच हवा होता.” त्यांना वहिनींनी पुढच्या खेपेला थांबा म्हणून सांगितलं आणि बहुतेक थांबले. ज्या माणसाची ख्याती ‘हा मी भरणार नाय’ या वाक्यावर उभी राहिली, त्याने दुसऱ्याचा आंबा स्वतःच्या नावाने खपवला असता आणि ते उघड झालं असतं, तर सावरायला जागाच उरली नसती.

दुसरा पेच: साका

मेच्या पहिल्या आठवड्यात तीनशे घरांच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. कापलेला आंबा, कोयीभोवती पांढुरका, भुसभुशीत, आंबट गर. खाली मजकूर: ‘रत्नागिरी सांगून हे दिलंय. कुणी घेऊ नका.’ त्याखाली आणखी चारपाच जणांचे अंगठे.

हा साका. हापूसचा जुना रोग म्हणा किंवा दोष म्हणा. बाहेरून फळ सुरेख असतं, कापल्याशिवाय कळत नाही. बागेत पालापाचोळ्याचं आच्छादन, काढणीची योग्य वेळ, फळ उन्हात तापू न देणं, यांनी तो कमी करता येतो. शून्यावर आणता येत नाही. बागायतदाराला यात नवल वाटत नाही. पैसे मोजून घेतलेल्या माणसाला मात्र ती फसवणूक वाटते, आणि त्याच्या जागी कुणालाही वाटेल.

वहिनी त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. ओळखीच्या घरच्या बाईंनी फोटो पुढे पाठवला आणि “मी उत्तर देऊ का?” असं विचारलं. त्यांनी बाजू घेतली असती तर शेजाऱ्यांत वाद पेटला असता. तक्रारदाराला खासगीत पैसे परत देऊन गप्प करणं हा सोपा मार्ग होता, पण फोटो ग्रुपवर तसाच राहिला असता. वहिनींनी आधी त्या गृहस्थांना फोन केला. दिलगिरी, विचारपूस, आणखी किती फळं निघाली, पुढच्या खेपेला तेवढी बदलून देते. फोन संपल्यावर ओळखीच्या बाईंमार्फत ग्रुपवर चार ओळी टाकल्या: याला साका म्हणतात, बाहेरून दिसत नाही, आमच्याकडच्या कुठल्याही पेटीत निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो या नंबरवर पाठवा, फळ परत करायची गरज नाही, मोजून बदली देऊ. खाली नाव आणि नंबर.

अर्ध्या तासात त्या गृहस्थांनीच ग्रुपवर लिहिलं की बाईंचा फोन आला होता, बदलून देणार आहेत. दावे आले, पण घरात भीती होती तेवढे नाही. एकदोघांनी गैरफायदा घेतल्यासारखं वाटलं. त्यांनाही निमूट फळं दिली, कारण खरं-खोटं करत बसण्यात फळाच्या किमतीपेक्षा जास्त गेलं असतं.

पुढचा वाद घरातला होता. पेटीत एक चिठ्ठी घालायची, त्यात साठवण्याच्या सूचनांबरोबर साक्याबद्दल आधीच लिहायचं का? दादांना ते रुचेना. आपल्या मालाचा दोष आपणच छापून का सांगायचा? वहिनींचं म्हणणं, फोटो पडल्यावर सांगितलं तर सबब वाटते, आधी सांगितलं तर माहिती वाटते. चिठ्ठी गेली. त्यात कार्बाइडबद्दलही एक वाक्य होतं: फळ पेंढ्याच्या अढीत पिकवलं आहे, बंदी असलेलं कार्बाइड वापरलेलं नाही. लोकांनी त्या चिठ्ठीचे फोटो काढून इतर ग्रुपवर टाकले. ही प्रसिद्धी कुणी ठरवून केली नव्हती.

निकाल

वहिनी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायच्या, “आमचं नाव कुठून कळलं?” आणि उत्तर वहीत लिहायच्या. हंगाम संपल्यावर ती वही बघितली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. प्रत्यक्ष पैसे देऊन माल नेलेल्यांत बहुतांश जण कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेले होते: शेजारीण, ऑफिसातली मैत्रीण, हास्य क्लबातले काका. फक्त रील बघून आलेले थोडे. पण कुणाच्या सांगण्यावरून आलेल्यांतल्या अनेकांनी पुढे सांगितलं होतं की नाव कळल्यावर इन्स्टाग्रामवर जाऊन दादांचा व्हिडिओ बघितला आणि मग नोंदणी केली. दार शेजारणीने उघडलं आणि आत यायचं की नाही ते रीलने ठरवलं, असं या घराबाबत म्हणता येईल. जाहिरातीवर घातलेले पैसे मात्र वसूल झाले नाहीत.

सीएंची ओळखही फळली. त्यांच्या गटातल्या दोघांनी आपल्या ग्राहकांना भेट म्हणून एकेक डझनाच्या पेट्या मागवल्या. या मागणीचा दिवस आधी ठरलेला, रक्कम आगाऊ, आणि मुख्य म्हणजे ती अक्षय्य तृतीयेनंतर मेमध्ये होती, जेव्हा सोसायट्या रिकाम्या पडलेल्या असतात. वेळेच्या अडचणीवर अनायासे सापडलेला हा तोडगा होता.

निम्मा माल थेट विकायचं उद्दिष्ट पुरं झालं नाही. साधारण एक तृतीयांश विकला गेला, बाकी वाशीला आणि शेवटचा कॅनिंगला. थेट विकलेल्या मालाला वाशीच्या पट्टीपेक्षा चांगला दर पडला, टेम्पो, पुठ्ठा आणि बदली फळं धरूनही. दलालाशी संबंध तसेच राहिले. उचल वेळेत फिटली आणि दादांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा माल कमी येईल. हे सांगणं फार जण टाळतात आणि मग हंगामाच्या मध्यावर कटुता येते.

वेगळं काय करता आलं असतं

तयारी मार्चमध्ये सुरू झाली, ती जानेवारीत व्हायला हवी होती. मोहोर, बारीक कैरी, फवारणी, वानरांची राखण, हे सगळं दाखवण्यासारखं होतं. पहिली खेप येईपर्यंत लोकांना बाग माहीत झाली असती आणि पार्किंगमध्ये सुरुवातीपासून समजावून सांगायची वेळ कमी आली असती.

मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायचं काम हंगामानंतर सुरू केलं. ते आधी झालं असतं तर ‘अस्सल’ या पुसट झालेल्या शब्दाऐवजी कागद दाखवता आला असता. २०२५ पासून देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर स्वतंत्र कोडचे स्टिकर सुरू केले, तेव्हा रत्नागिरीच्या या घरालाही गिऱ्हाइकं विचारू लागली, “तुमच्या आंब्यावर कोड कसा नाही?” उत्तर तयार नव्हतं.

भेटीच्या पेट्यांची मागणी योगायोगावर सोडायला नको होती. डॉक्टर, वकील, छोटे बांधकाम व्यावसायिक यांना फेब्रुवारीत भेटून मेच्या तारखा नोंदवता आल्या असत्या. त्यासाठी वर्षभराच्या सभासदत्वाची गरज नाही. सीएंसारखी चार माणसं पुरतात.

सगळ्यांत गंभीर गोष्ट वहिनींची. दोन महिने त्यांचे शनिवार-रविवार पार्किंगमध्ये गेले, रात्री अकरापर्यंत मेसेज, शिकवण्यांच्या दोन बॅच बंद ठेवाव्या लागल्या. घरच्या हिशेबात टेम्पोचं भाडं होतं, पुठ्ठ्याचा खर्च होता, त्यांचं काम कुठेच नव्हतं. थेट विक्रीत जास्तीचा दर मिळाला असं जे आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा त्यांच्या न मांडलेल्या मजुरीचा होता. कोकणातल्या कितीतरी घरांत ही विक्री अशाच एका बाईच्या वेळेवर उभी आहे आणि ती थकली की हंगाम बंद पडतो. हा खर्च पहिल्या दिवसापासून वहीत लिहायला हवा होता.

पुढच्या हंगामासाठी घरात बसून ठरलं ते असं: थेट विकल्या गेलेल्या प्रत्येक डझनामागे वहिनींचा वाटा ठरलेला, तो मालाच्या पैशांतून आधी बाजूला निघणार आणि त्यांच्या खात्यावर जमा होणार. मेसेजची उत्तरं संध्याकाळी सहा ते आठ याच वेळेत. पार्किंगला सोबत म्हणून वाडीतला पुण्यात शिकणारा एक मुलगा, रोजंदारीवर. सोसायट्या पंधरावरून दहा. दादांनी यावर एकच दुरुस्ती सुचवली, की वाटा डझनावर न धरता पेटीवर धरावा, कारण भेटीच्या पेट्या बांधायला जास्त वेळ जातो. ती मान्य झाली.